शेत गेलं, युरिया राहिला

१९७० साली इंग्लंडात पहिली रेंज रोव्हर विक्रीला आली, तेव्हा तिच्यात गालिचा नव्हता. खाली रबर, बसायला रेक्झिनसारख्या सीट, डॅशबोर्ड साध्या प्लॅस्टिकचा. दिवसभर चिखलातून आणि मेंढरांमधून गाडी हाणायची आणि संध्याकाळी पाण्याचा पाइप लावून ती आतूनसुद्धा धुऊन काढायची, असा तिच्या कर्त्यांचा हिशोब होता. आज त्याच नावाच्या गाडीत पाठ रगडून देणाऱ्या सीट असतात आणि खाली एवढा गुबगुबीत गालिचा, की आत शिरताना मराठी माणसाचा हात आपसूक चपलेकडे जातो.

म्हणजे गाड्यांची ही जात मुळात शेतकऱ्यासाठी जन्माला आली. आमच्या मुळशी, मावळ, हवेलीकडे ती अखेर शेतकऱ्याच्याच दारात येऊन उभी राहिली. मधल्या मध्ये शेत तेवढं गेलं.

पुण्याभोवतीच्या जमिनींना भाव आले तेव्हा ‘गुंठामंत्री’ हे पद तयार झालं. या पदाला शपथविधी नसतो. गळ्यात साखळी, हातात दोन फोन आणि दारात पांढरी गाडी एवढं जमलं की कारभार सुरू. शहरातले लोक त्यांना हसतात. मला ते हसणं पटत नाही. चाकणला मर्सिडीज तयार होते, २०२४ पासून रेंज रोव्हरही पुण्यात जुळवायला घेतली आहे. ज्याच्या शिवारातून कारखान्याचा रस्ता गेला, त्याने त्या रस्त्यावर कारखान्यातली गाडी फिरवली तर बिघडलं कुठे? आणि हे काही पुण्यापुरतं नाही. तेव्हाच्या औरंगाबादच्या मंडळींनी २०१० च्या ऑक्टोबरात एकदम दीडशे मर्सिडीज उचलल्या होत्या, पासष्ट कोटींच्या. डझनावारी आंबे घेणाऱ्याला कळतं, तेच त्यांना कळलं होतं: नग वाढले की भाव बोलता येतो.

घेणं अवघड नाहीच. घ्यायला मदत करायला बँका बसलेल्याच आहेत. अवघड असतं ते नंतरचं, आणि नंतरचं मी फार जवळून पाहतो आहे.

आमच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या ताईच्या यजमानांनी, सात जणांची जर्मन एसयूव्ही घेतली, ती पाच वर्षं वापरलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. दाजींच्या गल्लीत तशी एकच आहे. नवी असताना कोटीच्या घरातली गाडी चाळीस लाखांना पडली, म्हणून ते आठवडाभर मिशीत हसत होते. विम्याच्या कोष्टकातसुद्धा पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मीच धरतात, आणि बाजार विम्यापेक्षा निर्दय असतो. पण गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिच्या सुट्या भागांची होत नाही. हेडलाइट फुटला की तो कोटीच्या गाडीचाच हेडलाइट असतो. चाळीस लाखांच्या मालकाने कोटीच्या गाडीची आजारपणं काढायची, असा हा व्यवहार आहे. विकणारा हे सांगत नाही आणि घेणारा भीतीपोटी विचारत नाही.

गुंठाभर जागा घ्यायची असली तर दाजी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घेतात. गाडी घेताना त्यांनी टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला आणि “आवाज चांगला हाय” म्हणून इसार दिला. वास्तविक सर्च इथेच जास्त हवा. कंपनीच्या सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात, माहीतगार माणसाकडून स्कॅनर लावून घ्यावा, आणि सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीची सीट बदलतात, गालिचा बदलतात, अत्तर मारतात; बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्टीवरचा गाळ धुवायचं मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

गाडी आली आणि दाजींनी तिला जपायला सुरुवात केली. इथून पुढचं सगळं दुखणं त्या जपण्यातलं आहे. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. पावसात काढायची नाही. खडीच्या रस्त्याला न्यायची नाही. उरलेल्या पाच गुंठ्यांवर जायचं तर जुनी बोलेरो, बाजाराला बुलेट, आणि ही कशाला? तर लग्न, साखरपुडा, पुढाऱ्याचं स्वागत आणि रोज सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीपर्यंत. टपरी घरापासून दोन किलोमीटर. डोंगर चढायला, नदी उतरायला बनवलेलं, अडीच टनांचं, चारही चाकांना ताकद पुरवणारं ते धूड रोज एका कटिंगसाठी दोन किलोमीटर जातं, वीस मिनिटं उभं राहतं आणि इंजिन धड तापायच्या आत परत येऊन कव्हराखाली झोपतं.

डिझेल गाडीला असली जपणूक बाधते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, आणि त्याबरोबर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी सार्वत्रिक झाली. अडवलेली काजळी जाळून टाकायचं काम गाडी स्वतःच करते, पण त्यासाठी आत सहाशेएक अंशांची धग लागते आणि ती धग एका वेगाने पंधरा-वीस मिनिटं पळाल्याशिवाय टिकत नाही. चहाच्या टपरीपर्यंत सहाशे अंश होत नाहीत. काजळी साठते. मग पडद्यावर पिवळा दिवा लागतो. दाजींनी त्या दिव्याकडे तीन आठवडे पाहिलं आणि तो आपल्या गाडीच्या सजावटीचा भाग असावा असं ठरवलं.

मध्येच एकदा त्यांनी मला आनंदाने फोन केला. “मेव्हणं, आपल्या गाडीचं इंजिन ऑइल वाढलंय.”

“वाढलंय?”

“आरं हां! आदीच्या सगळ्या गाड्या ऑइल प्यायच्या. ही देतीय.”

ऑइल वाढणं ही आनंदाची बातमी नव्हे. काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते. आपण मध्येच इंजिन बंद केलं की ते न जळलेलं डिझेल ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. असं पुनःपुन्हा झालं की ऑइल पातळ होतं आणि इंजिन आतून झिजायला लागतं. म्हणून गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहिला, किंवा उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा चढा वाटला, तर समजावं की तिचं काम चाललंय. शक्य असेल तर आणखी एक फेरी मारून यावं.

सर्व्हिस सेंटरने दाजींना कॉफी दिली, बिस्किट दिलं, ‘सर’ म्हटलं आणि नवी जाळी बसवायचा आकडा सांगितला. तो ऐकून दाजी बिस्किट न खाता परत आले. मग त्यांनी नाना पेठेतल्या ओळखीच्या स्पेअर पार्टवाल्याला विचारून एक मेस्त्री गाठला. मेस्त्रीने स्कॅनर लावला, दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाला, “काका, गाडीला काही झालेलं नाही. बसून बसून आजारी पडलीये. हिला पळवा.”

“कुठं?”

“कुठंही. पण थांबायचं नाही.”

(कुणी जाळीच काढून टाकायचा सल्ला देतात. तो बेकायदा आहे, आणि पुढे पीयूसीला आणि गाडी विकताना ते अंगाशी येतं. मेस्त्री तसं म्हणाला नाही, म्हणून मला तो आवडला.)

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी रविवारी पहाटे दाजी ताईला घेऊन एक्स्प्रेस वेला लागतात, आणि शंभरची मर्यादा पाळून, एका लेनमध्ये, लोणावळ्यापर्यंत जाऊन माघारी येतात. ताईचं म्हणणं असं, की लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तिने कितीदा सांगितलं, लोणावळा कधी दाखवला नाही. आता नेतात ते गाडीचं पोट साफ व्हावं म्हणून. आणि उतरू देत नाहीत! चिक्की घ्यायची तर इंजिन चालू ठेवून, दाजी स्टिअरिंगवर आणि ताई पळत. धुकं बघायचं तर काचेतून.

दुसरा दिवा निळ्या टाकीचा. या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय आणखी एक द्रव पाजावा लागतो. त्याला डीईएफ म्हणतात, काही कंपन्या ॲडब्लू म्हणतात. धुरातले नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड मोडून काढायला तो लागतो, आणि तो संपत आला की गाडी आकडेमोड सुरू करते: अमुक किलोमीटर उरले, त्यानंतर एकदा बंद केलीत तर पुन्हा सुरू होणार नाही. नुसती धमकी नसते ती. दाजींनी पुस्तिका मला वाचायला दिली.

“काय असतंय त्यात?”

“साडेबत्तीस टक्के युरिया. बाकी शुद्ध पाणी.”

दाजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने उमेदीची वर्षं सोसायटीच्या गोदामापुढे युरियाच्या पोत्यासाठी रांगेत काढली, ज्याने जमीन विकली तेव्हा ‘सुटलो एकदाचा त्या खताच्या रांगेतून’ म्हणून सुस्कारा टाकला, त्याच्या दारात कोटीची जर्मन गाडी युरिया मागत उभी होती. आणि लगेच, अगदी शेतकऱ्याच्या तत्परतेने, त्यांनी विचारलं, “चुलत्याकडं दोन पोती पडल्यात. बादलीत कालवून टाकू का?”

टाकू नये. हे मी गंभीरपणे सांगतो आहे, कारण हा प्रश्न फक्त दाजींनाच पडत नाही. खताच्या युरियावर २०१५ पासून सक्तीने कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. पिकाला तो बरा, पण धुराड्यातल्या उत्प्रेरकाला आणि बारीक नोजलला तो मारक. विहिरीच्या पाण्यातले क्षारही तसेच. सीलबंद कॅन आणावा, त्यावरची तारीख बघावी, आणि ओतताना टोपण नीट बघावं. युरियाच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत युरिया गेला, तर गाडी सुरूसुद्धा करू नये, तशीच उचलून न्यावी. दाजी आता कॅन आणतात. रांग नसते, अनुदानही नसतं. अनुदान नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

आता हवेचं. या गाड्यांना स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. बटण दाबलं की गाडी उचलते, दाबलं की बसते. पाव्हणे आले की दाजी अंगणात हा कार्यक्रम करतात, तिकीट न लावता. पण रबर ते रबर. उन्हाने, धुळीने, वयाने त्याला बारीक चिरा पडतात आणि हवा निसटू लागते. एका सकाळी गाडी डाव्या पुढच्या कोपऱ्यावर खाली बसलेली सापडली. दाजींनी सुरू केली, ती कण्हत उठली, आणि दाजी म्हणाले, “उठतीय ना? मग झालं.” झालं नसतं. गळणारी पिशवी भरून काढायला कंप्रेसर सारखा राबत राहतो आणि शेवटी जळतो. मग एका पिशवीच्या जागी पिशवी अधिक कंप्रेसर असं बिल येतं. ज्या दिवशी गाडी एका अंगाला कलंडलेली दिसेल, त्याच आठवड्यात तिला दाखवावं. पंक्चर काढतानाही जॅक लावण्याआधी मेनूत जाऊन गाडीला तसं सांगावं लागतं. नाहीतर एक चाक अधांतरी बघून ती स्वतःला समतल करायला जाते आणि हायवेवरचा पंक्चरवाला रामराम करून टपरीत शिरतो.

मूळ कंपनीचा भागच घ्यावा की बाहेरचा, यावर घराघरांत दोन पक्ष असतात. माझं मत विचाराल तर ब्रेक, सस्पेन्शन, एअरबॅग यांत काटकसर करू नये. फिल्टर, वायपर हे बऱ्याचदा गाडीला पुरवणाऱ्या कंपन्याच स्वतःच्या नावाने बाहेर विकतात, तिथे खोक्यावरच्या ताऱ्याचे किंवा कड्यांचे पैसे देण्याचं कारण नाही. बिलातली एकेक ओळ मात्र विचारावी. ‘इंजिन फ्लशिंग’, ‘एसी डिसइन्फेक्शन’, ‘अंडरबॉडी ट्रीटमेंट’ असल्या ओळी दाजींसारख्या साखळीवाल्या माणसाच्या बिलात आपोआप उगवतात. ‘हे नसलं तर चालेल का?’ एवढं विचारलं की निम्म्या मावळतात. गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही, असं पुष्कळ पुस्तिकांत असतं. कुणाच्या आयुष्यभर ते नसतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या आसपास बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकेन.

उभ्या गाडीला बाकीचे आजारही शोधत येतात. बॅटरी उतरते, आणि नवी घातली की ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते, नाहीतर तो जुनीच समजून चुकीचं चार्जिंग करत बसतो. मेस्त्रीने हे सांगितल्यावर दाजी म्हणाले, “म्हंजी फेरफार.” मला याहून चांगलं समजावता आलं नसतं. गुलमोहराखाली उभी केली तर त्याची बारीक पानं सनरूफच्या कडेच्या पन्हाळीत बसतात, चारही कोपऱ्यांतल्या नळ्या तुंबतात आणि जूनमध्ये पहिल्या पावसाचं पाणी ताईच्या डोक्यावर पडतं. उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. डांबराच्या गोळ्या, तंबाखू, फिनेल हे सगळं करून पाहतात लोक, पण रोज हलणाऱ्या गाडीत उंदीर सहसा संसार मांडत नाहीत. आणि पहाटे एकाच बादलीत, एकाच फडक्याने सोसायटीतल्या दहा गाड्या पुसणारा मुलगा पहिल्या नऊ गाड्यांची धूळ घेऊन दहाव्या गाडीवर रांगोळी काढतो. त्याला स्वतःचं मऊ फडकं द्यावं आणि आधी पाणी मार म्हणावं. त्याच्यावर ओरडू नये. महिन्याला आपण त्याला काय देतो ते आधी आठवावं.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे शहाणी माणसं फसतात. रेंज रोव्हर, डिफेंडर नव्वद सेंटिमीटर पाण्यातून जाऊ शकतात हे खरं आहे. पण तो आकडा तळ दिसणाऱ्या, सावकाश ओलांडायच्या पाण्याचा आहे, मुंबईत हिंदमात्याच्या चौकात उघड्या गटारावर साचलेल्या पाण्याचा नाही; शिवाय शेजारून जाणारी बस जी लाट मारते ती पुस्तिकेत धरलेली नसते. पाणी हवेच्या वाटेने इंजिनात शिरलं आणि गाडी बंद पडली, तर स्टार्टचं बटण पुन्हा दाबायचं नाही. पाणी दाबलं जात नाही, मग आतले दांडे वाकतात. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. अशा वेळी गाडी उचलून नेणं हाच एक उपाय. साध्या विम्यात असं फुटलेलं इंजिन बहुधा बसत नाही, त्याला वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. आणि विम्यात झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची सोय, नसेल तर रबर-प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. या गाड्यांचा पुढचा अख्खा जबडा प्लॅस्टिकचा असतो, हे लक्षात घ्या.

दाजी सुधारलेत. प्लॅस्टिक निघालं. गाडी आता पावसात निघते, ताम्हिणी चढते, परवा तिच्यात चुलत्याची दोन पोती कांदे आले आणि गालिच्यावर टरफलं बघून मला इंग्लंडातल्या त्या पाइपवाल्या कर्त्यांना कळवावंसं वाटलं. दिवे लागत नाहीत. मेस्त्री खूश आहे, पण फार नाही, त्याचंही पोट आहे.

फक्त दसऱ्याला थोडा पेच झाला. सकाळी गाडी धुतली, बोनेटवर स्वस्तिक काढलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा मनगटाएवढा जाड हार बांधला, त्यात आंब्याचे डहाळे खोचले. या गाड्यांच्या जाळीमागे, चिन्हाच्या आसपास, रडार असतं. समोरच्या गाडीचं अंतर ते मोजतं आणि वेळ आली तर आपणहून ब्रेक लावतं. दाजींनी गाडी सुरू केली तशी ती टुणटुण वाजायला लागली आणि पडद्यावर सूचना आली: पुढचा सेन्सर झाकला गेला आहे, स्वच्छ करा.

भाचा म्हणाला, “पप्पा, रडारवर हार आलाय. काढावा लागंल.”

“आज दसऱ्याचा हार काढायचा? काय करतंय ते रडार?”

“पुढं काय आडवं येतंय का ते बघतंय. टक्कर होऊ देत नाय.”

“मंग हार कशापायी घातलाय?” दाजींनी गिअर टाकला. “त्योबी त्येच करतोय.”